आमची वाटचाल : वाघोलीचे नऊ फ्लॅट

पुण्यातल्या आमच्या फ्लॅट-दलालीच्या ऑफिसला यंदा वीस वर्षं होतील. २००६ साली कोथरूडमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल भाड्याने घेऊन मी आणि अण्णांनी सुरुवात केली. माझ्याकडे पंचवीस हजार रुपये आणि एक लुना होती. अण्णांकडे मराठी टाइपरायटर होता आणि तीस वर्षं दस्तलेखक म्हणून काढलेली नजर. भाड्याचे फ्लॅट, रिसेल, मग भाडेकरूसकट विकले जाणारे फ्लॅट अशी कामं वाढत गेली. २०१४ पर्यंत आमची स्वतःची दोन शटरं झाली, चार मुलं कामाला होती, ओम्नी होती. ती वर्षं चांगली गेली, त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते वाघोलीबद्दल. ते आजवर मी कुठे लिहिलं नव्हतं.

२०१५ च्या पावसाळ्यात एक कंपनी आमच्याकडे आली. नाव घेत नाही. नवीन नावाने त्यांचा धंदा आजही चालू आहे. त्यांनी वाघोलीत एका बिल्डरकडून चाळीस वनबीएचके एकगठ्ठा उचलले होते आणि ते छोट्या गुंतवणूकदारांना विकत होते. ‘बाजारभाव ३९ लाख, आमच्याकडून ३२ लाख. अठरा टक्के सवलत, भाडेकरू आधीच बसलेला, महिना १६ हजार भाडं पहिल्या तारखेला खात्यात.’ आम्हाला चॅनल पार्टनर, म्हणजे त्यांचे फ्लॅट विकून देणारे एजंट, केलं, दोन टक्के ब्रोकरेज ठरलं. ३२ लाखांवर वर्षाला १ लाख ९२ हजार, म्हणजे सहा टक्के. पुण्यात राहत्या घराच्या भाड्यातून तीन टक्के सुटले तरी पार्टी खूश असते. सहा म्हटल्यावर लोकांनी चेकबुकं उघडली. मी नऊ फ्लॅट विकले.

अण्णांनी पहिल्याच आठवड्यात मला अडवलं होतं. ते नोंदणी कार्यालयातून त्या बिल्डिंगमधल्या सहा दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचे किमतीसकट उतारे, काढून घेऊन आले. संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता, शिक्क्याचा कागदच लागायचा. टेबलावर ओळीने मांडले, स्टीलच्या फुटपट्टीने एकेका मोबदल्याच्या रकमेखाली रेघ ओढली. एकही दस्त तीस लाखांच्या वर नव्हता. ‘३९ लाखाला इथं कुणी घेतलंय ते दाखव,’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, लोक व्हाइट-ब्लॅक करतात, दस्तावर कमीच दिसणार. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला दीड वर्षाने कळला.

त्या सौद्यांची रचना सांगतो, कारण आजही तीच चालते, फक्त गाव बदलतं. फ्लॅटची खरी किंमत साडेएकोणतीस लाखांच्या आसपास. पार्टीकडून घेतले ३२. म्हणजे अडीच लाख आधीच जास्त. आता भाडं बघा. खऱ्या भाडेकरूकडून कंपनी घेत होती ९ हजार, मालकाला देत होती १६ हजार. फरक सात हजार. करार छत्तीस महिन्यांचा. सात हजार गुणिले छत्तीस, २ लाख ५२ हजार. मालकाने जास्तीचे दिलेले अडीच लाख त्यालाच हप्त्याहप्त्याने भाडं म्हणून परत मिळत होते, आणि तीस टक्के वजावट सोडून उरलेल्यावर तो इन्कम टॅक्सही भरत होता. स्वतःच्याच पैशावर.

कागद त्याहून वाईट होते. मालकाचा करार भाडेकरूशी नव्हताच, कंपनीशी होता. कंपनीने खाली वेगळा भाडेकरू बसवला, तोही पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून. नोंदणी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दर आठवड्याला तीन-चार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते राहू देण्याचे करार, करणारा माणूस मी. पण त्या नऊ फाइलींमधले खालचे करार मी मागितलेच नाहीत. कंपनी म्हणाली सगळं बघितलंय, मी मान डोलावली.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली. कंपनीची नवीन विक्री थांबली, आणि नवीन विक्रीतूनच जुनी भाडी जात होती. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या तारखेला नऊपैकी एकाही खात्यात पैसे आले नाहीत. मार्चमध्ये कंपनीच्या ऑफिसला कुलूप. एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसात नऊ कुटुंबं.

त्यांच्यात आमच्या बाई होत्या. शाळेतल्या निवृत्त बाई, एकट्या राहणाऱ्या. २००८ मध्ये त्यांची वरची खोली आम्ही भाड्याने दिली तेव्हापासूनच्या. दर दिवाळीला अनारसे घेऊन येणाऱ्या. ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून ३२ लाख त्यांनी माझ्या शब्दावर घातले होते. बाकीचे ओरडत होते, त्या खुर्चीत बसून होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, ‘चला, तिथं कोण राहतं ते तरी बघू.’

आम्ही वाघोलीला गेलो. फ्लॅटमध्ये एक जोडपं आणि दोन मुलं. तो कॅब चालवायचा, ती ब्लाउज शिवायची. शिवणयंत्राच्या खणातून तिने पावत्यांची चळत काढली. कंपनीच्या नावाने दर महिन्याचे ९ हजार आणि ५० हजार डिपॉझिटची पावती. त्यांनी एक महिना चुकवला नव्हता. कायद्याने डिपॉझिट बाईंनी घेतलेलंच नव्हतं. माझ्या मनात आलं ते मी बोललोही, की निम्म्यावर तडजोड करू. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘त्यांनी पैसे दिलेत. पावती माझ्यासमोर आहे. डिपॉझिट पूर्ण धरा.’ त्याच आठवड्यात मी त्या फ्लॅटचा थेट करार नोंदवला. भाडं ९ हजार, डिपॉझिट ५० हजार जमा असल्याचं लिहून. थंब मशीनवर बाईंचा अंगठा उठेना. आयुष्यभर खडू धरलेली बोटं, रेषा झिजलेल्या. ओल्या रुमालाने पुसलं, मग शिवणाऱ्या ताईंनी व्हॅसलीन आणून चोळलं, सातव्या वेळेला हिरवा दिवा लागला.

नऊच्या नऊ फ्लॅटचे करार आम्ही असेच सरळ करून दिले, एक रुपया न घेता. आणि कंपनीकडून मिळालेलं ब्रोकरेज, फ्लॅटमागे ६४ हजार, एकूण ५ लाख ७६ हजार, मी नऊ जणांना परत केलं. ओम्नी गेली, एक शटर गेलं, चार मुलांतली तीन मला सोडावी लागली. मे २०१७ मध्ये रेराची, म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याची, नोंदणी सुरू झाली, तेव्हा एजंट म्हणून नोंदणीचे पैसे भरायलाही मी मेहुण्याकडून उसने घेतले.

तरी त्या नऊपैकी एक गृहस्थ आजही त्यांच्या सोसायटीत सांगतात की मी कंपनीत भागीदार होतो. त्यांच्या हातात मी ठेवलेल्या चेकची झेरॉक्स माझ्याकडे आहे. कुणाला दाखवायला गेलो नाही, पण ठेवली आहे. ज्यांनी लोकांचे पैसे खाल्ले त्यांचे गावोगावी सत्कार झाले, फेटे बांधलेले फोटो मी बघितले. यातलं काही मी विसरलेलो नाही.

भाडेकरूसकट फ्लॅट घेण्यात वावगं काही नाही, आमचं निम्मं काम तेच आहे. पण कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सवलत किती हे विकणाऱ्याने सांगितलेल्या बाजारभावावरून मोजू नका, त्याच बिल्डिंगमधले शेवटचे पाच-सहा इंडेक्स टू काढा. आता नोंदणी विभागाच्या साइटवर घरबसल्या दिसतात. भाडेकरूला संध्याकाळी, तो घरी असताना भेटा, एजंट बरोबर नको. त्याच्या स्वतःच्या खात्यातून वर्षभर भाडं गेलेलं दिसलं पाहिजे. डिपॉझिट कुणाकडे आहे ते खरेदीखतात लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करा, कारण भाडेकरू जाताना ती तुमच्याकडेच मागणार. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणा. भोगवटेतर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे, तरी लावतात.

आणि एक गोष्ट पुष्कळ वकिलांच्याही लक्षात राहत नाही. लिव्ह अँड लायसन्स जुन्या मालकाने दिलेलं असेल तर खरेदीनंतर ते आपोआप तुमच्याशी बांधलेलं राहत नाही. १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टचं कलम ५९ वाचा. म्हणून खरेदीखत झाल्याच्या आठवड्यातच भाडेकरूशी नवा करार करा आणि नोंदवा. मुदत संपूनही तो उठला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मिळते, पण हातात कागद असेल तरच. पेठेतल्या वाड्यातला पागडीचा भाडेकरू हे वेगळंच प्रकरण. तिथं भाडं वर्षाला चार टक्के वाढतं आणि माणूस पिढ्यान् पिढ्या राहतो. त्याला गुंतवणूक म्हणून हात लावू नका.

अण्णा २०१९ मध्ये गेले. त्यांची फुटपट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, इंडेक्स टू वाचताना अजून तीच लागते. लॉकडाऊनमध्ये हिंजवडीचे फ्लॅट रिकामे झाले तेव्हा सगळ्यांसारखी आमचीही वाट लागली, पण वाघोलीनंतर ते मला जड गेलं नाही. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत होती. त्या डिसेंबरमध्ये बाई परत आल्या, भावाच्या वाट्याचे आलेले पैसे घेऊन. वारज्यात भाडेकरूसकट एक फ्लॅट हवा होता. मी म्हटलं, बाई, दुसऱ्या कुणाकडून घ्या, मला धीर होत नाही. त्या म्हणाल्या, ‘दुसरा कोण माझ्याबरोबर वाघोलीला आला होता?’ चौदा कागद तपासून मी तो फ्लॅट त्यांना घेऊन दिला. ब्रोकरेज त्यांनी टेबलावर मोजून ठेवलं आणि पावती मागितली.

पुढच्या मंगळवारी वाघोलीच्या फ्लॅटचा करार नव्याने करायचा आहे, त्याच जोडप्याशी, चौथ्यांदा. त्यांची मोठी मुलगी आता कॉलेजला आहे, साक्षीदार म्हणून या वेळी तीच सही करणार आहे. बाईंचा अंगठा हल्ली अजिबातच उठत नाही, म्हणून व्हॅसलीनची डबी मी आजच बॅगेत टाकून ठेवली आहे.