अडीच इंची मॅग्नम: परवान्यापासून कारखान्याच्या पत्रापर्यंत

डॅलसच्या मराठी मंडळींत कुणाला कळलं की मला जुन्या रिव्हॉल्व्हरचा नाद आहे, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आपल्याला चालतं का रे हे?’ चालतं, पण कागद नीट असतील तरच. एच-वन व्हिसावर असताना संघीय कायद्याने हा विषय साधारणपणे बंदच असतो. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण मी त्या वाटेला गेलो नाही. ग्रीन कार्ड झाल्यावरच या छंदाला सुरुवात केली. लिहायला बसलो ते याचसाठी, की पुढच्या माणसाला निदान क्रम तरी कळावा.

मला हवं होतं ते स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं मॉडेल १९, अडीच इंची नळीचं, ५० वर्षांहून जुनं आणि कारखान्यातून निघालं तसंच. हेच का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये आलं. आधीच्या .३८ स्पेशल काडतुसाची पुंगळी दशांश इंचाहून थोडी जास्त वाढवली, म्हणजे हे जबर काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसणारच नाही. त्यासाठी कंपनीने आपली सर्वांत मोठी फ्रेम, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा मूळ सांगाडा, वापरली. सुरुवातीचे नग ग्राहकाच्या मागणीप्रमाणे एकेक करून बनत आणि सोबत नोंदणीचं प्रमाणपत्र मिळे. पहिला नग एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना दिला गेला. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत हवी तेवढी मागता येई. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन जनरल पॅटन यांच्या कमरेला हस्तिदंती मुठीचं होतं, ते साडेतीन इंचीच. आखूड मॅग्नमची आवड तिथून सुरू होते.

पण ती मोठी फ्रेम दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला जड पडायची. अमेरिकेच्या सीमा गस्तदलाचे बिल जॉर्डन यांनी मध्यम फ्रेममध्ये मॅग्नम मागितलं आणि १९५५ मध्ये ‘कॉम्बॅट मॅग्नम’ आलं. १९५७ मध्ये कंपनीने नावांऐवजी क्रमांक द्यायला सुरुवात केली, तेव्हा तेच मॉडेल १९ झालं. पुढे त्याला अडीच इंची नळी आणि गोल मूठ मिळाली. साडेतीन इंची थोरल्या भावापेक्षा हे पाव किलोहून जास्त हलकं आहे. या मापाची किंमतही मोजावी लागते. आवाज आणि जाळ जास्त, गोळीचा वेग कमी. शिवाय नळी आखूड म्हणून पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडाही आखूड, त्यामुळे मॅग्नमच्या रिकाम्या पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत. नळी आभाळाकडे करून दांड्यावर जोरात थाप मारावी लागते. कागदावर ही खोट आहे. मला मात्र त्यातच या वस्तूचं मोठेपण दिसतं. एवढी ताकद एवढ्या जागेत बसवताना कारागिरांनी कुठे काय सोडलं आणि काय सोडायचं नाकारलं, ते हातात घेतल्यावर बोटांना कळतं.

आता परवाना. नेहमीची खरेदी दुकानदारामार्फत होते: ४४७३ क्रमांकाचा फॉर्म, मग एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमीची तपासणी. दुसऱ्या राज्यातलं हँडगन घ्यायचं तर ते आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे मागवावं लागतं. संग्राहकांसाठी वेगळी सोय आहे, ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली शस्त्रं त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट घेता येतात. फी ३० डॉलर, मुदत तीन वर्षं. अर्ज एटीएफकडे, म्हणजे शस्त्रांचे परवाने पाहणाऱ्या संघीय खात्याकडे जातो आणि त्याची प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाला पाठवावी लागते. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डावरचा आपला ए-नंबर नीट लिहावा आणि नाव कार्डावर आहे अक्षर न् अक्षर तसंच घालावं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि प्रत्येक कागदावर ते वेगळ्या रूपात असतं. परवाना दोनेक महिन्यांनी टपालाने घरी आला. त्याबरोबर जबाबदारीही आली. घेतलेल्या आणि विकलेल्या प्रत्येक नगाची नोंद बांधीव वहीत ठेवायची, आणि ती वही तपासायचा अधिकार एटीएफला असतो. हा परवाना धंद्यासाठी नाही, निव्वळ संग्रहासाठी आहे. स्वस्तात घेऊन विकायचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने इकडे फिरकू नये.

परवाना येण्याआधी घरात तिजोरी आली. बायकोची अट तीच होती आणि ती अगदी रास्त होती: ‘मुलं आहेत घरात. तिजोरी आधी, बाकी सगळं नंतर.’ काडतुसं त्या तिजोरीत नाहीतच, ती वेगळ्या कुलपात.

पुढचा टप्पा टल्सा. ओक्लाहोमातल्या या गावी वर्षातून दोनदा शस्त्रांचं प्रचंड प्रदर्शन भरतं, एका छताखाली हजारो टेबलं. डॅलसहून चारेक तासांची गाडी. फोटो पाहून घेणारेही आहेत, पण जुनं रिव्हॉल्व्हर फोटोत ओळखू येत नाही असं माझं ठाम मत आहे. पुन्हा पॉलिश केलेला नग कॅमेऱ्यात मूळ नगापेक्षा देखणा दिसतो. प्रत्यक्षात कडा गोलावलेल्या असतात, कोरलेली अक्षरं उथळ झालेली असतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडलेला असतो. घोडा आणि चाप यांच्यावर कारखान्याची रंगीत छटा असते, पाण्यावर तेल पसरावं तशी. तेही बाकीच्या पोलादासारखे निळे करून टाकलेले दिसले की मी टेबल सोडतो.

हवा तसा नग एका निवृत्त गृहस्थांकडे मिळाला. त्यांनी तो स्वतः नवा घेतला होता आणि निळा पुठ्ठ्याचा डबाही जपला होता. ‘घ्या हातात, सावकाश बघा,’ म्हणाले. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री, त्यांच्या डोळ्यांदेखत. मग सिलिंडरच्या दांड्यामागे, फ्रेमच्या खाचेत कोरलेला क्रमांक: १९-३, म्हणजे मॉडेल १९ ची तिसरी सुधारणा. फ्रेमच्या वरच्या भागात नळी पक्की करणारी आडवी पिन. सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक घराला अशी कड, की काडतुसाची किनार आत पूर्ण बुडावी. या दोन्ही गोष्टी कंपनीने १९८२ च्या सुमारास बंद केल्या. चालण्यात फारसा फरक पडत नाही, असं जाणकार सांगतात आणि ते खरंही असेल. पण ती जास्तीची मेहनत एकेकाळी नेमाने घेतली जायची, आणि संग्राहक तिचाच मान राखतात.

त्यांची परवानगी घेऊन घोडा सावकाश मागे ओढला, सहाही घरांवर. घोडा अडकायच्या आत सिलिंडर जागेवर बसतो का, ते पाहिलं. नळीच्या मागच्या तोंडाला विजेरी लावली. मध्यम फ्रेमच्या मॅग्नममध्ये जागा पुरावी म्हणून हे तोंड खालच्या बाजूला थोडं सपाट कापलेलं असतं आणि हलक्या, वेगवान १२५ ग्रेन (म्हणजे आठेक ग्रॅम) वजनाच्या गोळ्यांनी नेमकं तिथेच चिरतं. इथे चीर नव्हती. उजवी मूठ काढली तर लाकडाच्या आतल्या बाजूला अनुक्रमांक होता, फ्रेमच्या तळाशी होता तोच. मुठी मूळच्याच. अनुक्रमांकात ‘के’ या अक्षराच्या आधी आकडा, म्हणजे सत्तरच्या दशकातला नग. क्रमांकावरून तो ५० वर्षांहून जुना ठरत होता.

भावात मी घासाघीस केली नाही. मागणी वाजवी होती, आणि इतक्या वर्षांची निगा समोर दिसत होती. परवान्याची सही केलेली प्रत त्यांना दिली, पावती घेतली, घरी आल्यावर वहीत नोंद केली.

मग पत्र. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून त्यांचं हिस्टॉरिकल फाउंडेशन त्या त्या नगाचा इतिहास लिहून देतं. फॉर्म भरायचा, फोटो जोडायचे, शुल्क भरायचं आणि धीर धरायचा. कित्येक महिने गेले. पत्रात नग बनल्याची तारीख नसते, कारखान्यातून रवाना झाल्याची असते. काही नग गोदामात पडून राहत, त्यामुळे बनण्याची तारीख त्याआधीचीच. माझं १९७३ मध्ये रवाना झालं होतं, म्हणजे वयाचा प्रश्न कागदावरही मिटला. निळं पॉलिश, अडीच इंची नळी, गोल मूठ, सगळं जुळलं. ते गेलं होतं टेक्सासमधल्याच एका घाऊक व्यापाऱ्याकडे. पत्राची प्रत मी त्या गृहस्थांना पाठवली. त्यांचा फोन आला आणि ते खूप वेळ बोलले, कुठल्या दुकानातून घेतलं, तेव्हा पगार किती होता, सगळं.

आता शोध आहे साडेतीन इंची मॉडेल २७ चा, म्हणजे त्या मोठ्या फ्रेमच्या थोरल्या भावाचा. पिन आणि बुडीत घरं तिथेही पाहायची. शिवाय फ्रेमच्या आणि नळीच्या माथ्यावर बारीक चौकड्यांची नक्षी असते, डोळ्यांवर उजेड उडू नये म्हणून कोरलेली. त्यावरून नख हलकेच फिरवायचं. मूळ नगावर नख अडखळतं, पुन्हा घासलेल्यावर घसरतं.