अर्धा इंच म्हणजे नक्की किती? गवती चहाचं तेल काढायची भट्टी आणि पाइपची साइज – माझा अनुभव

व्हर्नियर (मिलिमीटरच्या अंशापर्यंत जाडी-व्यास मोजायची पट्टी) घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलात की दुकानदार इन्कम टॅक्सवाला आल्यासारखा बघतो. तरी घेऊन जा. गोव्यात घरच्या घरी डिस्टिलेशन (वाफ काढून ती थंड करून गोळा करणं) करायचं म्हणजे बाकी सगळं सोपं आहे, पाइपची साइज एवढंच जीव खातं.

आणि आधीच सांगतो, हे तेलासाठी आहे, दारूसाठी नाही. फेणी गाळायला एक्साईजचं लायसन्स लागतं, त्याच्या वाटेला मी गेलेलो नाही. तरी "भट्टी लावतोय" म्हटलं की शेजारी हसून विचारतातच, उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) कधी? आमच्या बागेत बांधावर गवती चहा माजलाय, त्याचं तेल आणि वासाचं पाणी (हायड्रोसोल) काढायचं होतं एवढंच.

भांडं, हीटर, ठेवायची जागा यात काही अडलं नाही. ५० लिटरचं स्टीलचं भांडं, २ किलोवॅटचा हीटर, १६ अँपिअरचा प्लग. मग हिशोब केला. २ किलोवॅटमधलं थोडं आजूबाजूला जातं, उरलेल्यात तासाला साधारण पावणेतीन-तीन लिटर पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ १६०० लिटरच्या वर जागा खाते, म्हणजे सेकंदाला सव्वा-दीड लिटर वाफ त्या पाइपातून गेली पाहिजे. बाहेरून अर्धा इंच असलेल्या तांब्याच्या नळीत ती साधारण १४ मीटर प्रति सेकंद धावते, एक इंची डेअरी ट्यूबमध्ये (दुधाच्या डेअरीत वापरतात ती स्टीलची नळी) तीनच्या आसपास. व्यास दुप्पट केला की जागा चौपट होते, त्यामुळे फरक एवढा. जोरात गेली की वाफेबरोबर फेस आणि गवताचा कचरा पण वर ओढला जातो. म्हणून ठरवलं, भांड्यापासून वर एक इंच आणि थंड करायच्या कॉईलला अर्धा इंच, कारण तिथे वाफ पाणी होऊन कमी कमी होत जाते.

आता खरी कटकट. दुकानात "अर्धा इंच" म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एसीवाल्याची तांब्याची नळी चार सुती, बाहेरून १२.७ मिलिमीटर. प्लंबरचा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) अर्धा इंच, बाहेरून १५.९. आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप अर्धा इंच, तो बाहेरून २१.३! एसीवाला बाहेरून मोजतो, जीआयवाल्याचा आकडा नुसता नावाचा, आणि तिघेही छातीठोकपणे सांगतात की हाच अर्धा इंच. कुणी मिलिमीटर बोलतच नाही.

यात भर म्हणून एका वर्कशॉपात झाकणाचं काम दिलं. कागदावर मी स्पष्ट लिहिलं होतं, बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर, ३०४ स्टील, डेअरीवाली ट्यूब, त्यावर एक इंची टीसी फेरूल (क्लॅम्पने जोडायची, नळीच्या तोंडाला वेल्ड करतात ती कडेची चकती). मिस्त्री "जाता, जाता" (होईल, होईल) म्हणाला. बघायला गेलो तर त्याने आणलेला पाइप "एक इंच" होता, पण एनबीवाला (नॉमिनल बोअर, म्हणजे आतलं माप नावापुरतं), बाहेरून ३३.४! फेरूल त्याच्या तोंडावर ठेवून बघितली तर चारी बाजूंनी चार-चार मिलिमीटर फरक. मी म्हटलं, हा बसणार कसा? तर "इंच म्हळ्यार इंच, पात्रांव, वेल्डिंग भरून दितां." (इंच म्हणजे इंच, साहेब, वेल्डिंग भरून देतो.) आतल्या बाजूला वेल्डिंगचा खडबडीत कठडा राहिला तर तिथे तेल आणि कचरा साठून जळका वास कायमचा बसतो, हे सांगून माझं तोंड दुखलं. तो पाइप बदलून घ्यायला मग दुकान तयार नाही, मिस्त्री दुकानदाराला बोल लावतो, दुकानदार मिस्त्रीला, आणि मधे चतुर्थी आली, वर्कशॉप बंद. शेवटी ट्यूबचा तुकडा मीच दुसरीकडून शोधून त्याच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभा राहून आर्गन वेल्डिंग करून घेतलं. फेरूल तिथल्या तिथे चपखल बसली तेव्हा मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

त्यातच एक कामाची गोष्ट कळली, एक इंची आणि दीड इंची टीसी फेरूलची बाहेरची चकती एकाच मापाची असते, ५०.५ मिलिमीटर. म्हणजे क्लॅम्प तोच चालतो. पुढे दीड इंचावर जायचं झालं तर नवे क्लॅम्प घ्यायला लागत नाहीत, हे दुकानात कुणीही सांगणार नाही.

कॉईलला तांब्याची ५ मीटर नळी मला पुरली. वाकवताना आत बारीक कोरडी रेती भरा, नाहीतर चपटते, नंतर चांगली धुवा. आणि कॉईल सतत उतरती हवी, मधे पोट आलं की पाणी साठून गुडगुड करत धक्के देते.

हो, राहिलंच, वाफेच्या वाटेत कुठेही व्हॉल्व्ह बसवू नका. बाहेरचं तोंड कायम उघडं पाहिजे, गवत झाकणापर्यंत ठासून भरू नका आणि वरच्या तोंडाला आतून जाळी लावा, तोंड चोंदलं तर भांडं बॉम्ब होतं. शिसं असलेलं सोल्डर तर अजिबात नको. थ्रेड असतील तिथे टेफ्लॉन टेप, आणि बीएसपीत (ब्रिटिश मापाचे आटे) एनपीटी (अमेरिकन मापाचे) घुसवू नका. अर्ध्या इंचात दोन्हीला इंचाला १४ आटे असतात त्यामुळे दोन फेरे बसतात आणि मग गळतात.

कॉईल थंड ठेवायला तिच्याभोवती सोडायच्या पाण्याचा हिशोब पण करून ठेवा. २ किलोवॅटला, पाणी २० डिग्री गरम होऊ द्यायचं तर तासाला ऐंशी-नव्वद लिटर लागतं. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, तेव्हा मी पहाटे चालू करतो. पाणी खालून आत, वरून बाहेर.

ताज्या गवताच्या १० किलोला २० ते ५० ग्रॅम तेल निघतं, ते पाण्यावर तरंगतं. मला पहिल्यांदा खालच्या आकड्याच्या जवळच मिळालं, पण गवत पावसात कापलेलं होतं, थोडं सुकवून घालायला हवं असं शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं. जानेवारीत परत कापणार आहे, तेव्हा बघू.