डायनॅमो टेकला की पॅडल जड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आधी डोळ्यांसमोर आली ती आमच्या विज्ञानाच्या सरांची काळी सायकल. नववीत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आम्ही घडाघडा म्हणत असू. एके दिवशी सरांनी पुस्तकं मिटायला लावली, सगळ्यांना व्हरांड्यात आणलं आणि सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली. "फिरव पॅडल," मला म्हणाले. मागचं चाक भन्नाट फिरू लागलं. मग त्यांनी खटकन डायनॅमो टायरला टेकवला. दिवा लागला, आणि त्याच क्षणी माझ्या हाताला पॅडल जड झालं. सर म्हणाले, "हे दिव्याचं बिल. आत्ता तुझा हात भरतोय."

दुसऱ्या दिवशी देवळाचा उतार. खाली येऊन ब्रेक दाबायचा आणि लगेच रिमला बोट लावायचं. बोटाला ऊब जाणवायची! सरांनी किराणा दुकानातल्या काट्यावर आम्हाला सायकलसकट तोललं होतं. मी आणि सायकल मिळून ६० किलो. ताशी १८ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ५ मीटरला, गतिज ऊर्जा ७५० ज्यूल. ताशी ३६ ला ३००० ज्यूल. वेग दुप्पट, तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट. स्वतःच्या वजनाचं गणित कोण विसरेल? प्रत्येक शाळेत ते असंच शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

आज मी मुंबईत लोकलचा मोटरमन आहे. शिकलो त्या जुन्या गाड्यांत ब्रेक ब्लॉक चाकांवर घासायचे, आणि सगळा वेग उष्णता होऊन हवेत जायचा. आताच्या गाड्यांत ब्रेक लावला की चाकं फिरवणाऱ्या मोटरीच जनित्र होतात. गाडीचा वेग त्यांना फिरवतो, त्या गाडीला मागे ओढतात. सरांचा डायनॅमोच तो, फक्त १२ डब्यांच्या गाडीचा! अगदी शेवटी, वेग फार उतरला की हवेचा ब्रेक काम पुरं करतो. तोवर तयार झालेली वीज वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेत परत गेलेली असते.

आणि मी ठाण्याला थांबत असताना जवळच दुसरी एखादी लोकल सुटत असेल, तर माझ्या गाडीचा उतरलेला वेग तिच्या चाकांत चढतो.