९९७ आली म्हणजे माल पास झाला, असं नाही

भिवंडीच्या गोदामातून टॉवेल-चादरी अमेरिकेच्या दुकानसाखळ्यांना पाठवणाऱ्यांचं ईडीआय (ऑर्डर, बिलं ठरावीक साच्यातल्या फाईलींनी संगणकातून संगणकात पाठवणं) सहसा सॉफ्टवेअरमुळे अडत नाही. अडतं ते पोचपावतीचा चुकीचा अर्थ लावल्याने आणि आयटम मास्टरमधल्या (मालाच्या मूळ यादीतल्या) चुकांमुळे.

आधी पोचपावत्या. एएस२ (इंटरनेटवरून फाईल सुरक्षित पाठवण्याची पद्धत) वरून फाईल गेली की एमडीएन हा पोच-संदेश येतो. फाईल मिळाली आणि डिजिटल सही जुळली, एवढंच तो सांगतो. मग ९९७ ही दुसरी पोचपावती येते, ती फक्त फाईलची रचना तपासते. ऑर्डरमधला दर, नग, तारीख मान्य आहे की नाही, हे ८५५ मध्ये, म्हणजे ऑर्डरला दिलेल्या उत्तराच्या फाईलमध्ये, कळवायचं असतं. तुमच्या ८५६ वर (माल निघाल्याची आगाऊ सूचना) ९९७ मध्ये ‘ए’ (स्वीकारली) आला तरी खोक्यांचा हिशोब चुकला असेल तर डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) येणारच. ‘ई’ म्हणजे चुकांसह स्वीकारली. ती उघडून बघाच. ‘आर’ (नाकारली) निदान लक्षात तरी येतो. खरा घात होतो तो न आलेल्या ९९७ मुळे, कारण तिची चूक कुठे दिसतच नाही. म्हणून अलार्म ‘आली नाही’ यावर लावा. फाईल परत पाठवायची तर फाईलच्या सुरुवातीच्या आयएसए१३ या रकान्यातला नऊ अंकी कंट्रोल नंबर नवा घ्या, जुन्याच नंबरची फाईल डुप्लिकेट म्हणून बाजूला पडू शकते. मात्र पहिली फाईल पोचली नव्हती ना, हे आधी पार्टनरला (समोरच्या कंपनीला) विचारा, नाहीतर एकच इन्व्हॉइस दोनदा नोंदलं जाईल.

आता युनिट. ऑर्डरच्या फाईलमधल्या पीओ१ या ओळीत १० ‘सीए’ म्हणजे दहा खोकी. एका खोक्यात १२ टॉवेल असतील तर १२० ‘ईए’, म्हणजे सुटे नग. मॅपिंगने (फाईलमधली माहिती आपल्या सिस्टिममध्ये उतरवणाऱ्या जोडणीने) युनिट न बघता नुसता आकडा उचलला की दहाच टॉवेल पॅक होतात. दरही त्याच युनिटचा असतो, म्हणून नग बदलताना दरालाही बारानं भागावं लागतं. हे विसरण्याचं प्रमाण फार आहे.

आयटम मास्टर एक्सेलमध्ये उघडण्याआधी बारकोडचा कॉलम ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर १२ अंकी यूपीसीच्या (बारकोडच्या नंबरच्या) सुरुवातीचा शून्य उडतो आणि मग पार्टनरच्या यादीत तो आयटम सापडत नाही.

८५६ चा गोंधळ वेगळा आणि जास्त महागाचा. पॅकिंग लिस्टवरून ती आदल्या रात्रीच तयार करून ठेवतात. सकाळी कंटेनर भरताना चार खोकी मावत नाहीत, ती गोदामातच राहतात, आणि फाईलमध्ये मात्र त्यांचे एसएससीसी नंबर (प्रत्येक खोक्याच्या लेबलवरचा वेगळा नंबर) जातात. तिकडे स्कॅन झाला की चार खोकी कमी! खोकी कंटेनरमध्ये चढताना स्कॅन करा, सील लागल्यावर त्या स्कॅनवरूनच ८५६ बनवा, मग कंटेनर न्हावा शेव्याला सोडा. एसएससीसी १८ अंकी, शेवटचा चेक डिजिट. फाटलेलं लेबल पुन्हा छापलंत तर जुनं काढून फाडा. एकाच नंबरची दोन खोकी कुठल्याही परिस्थितीत जाऊ देऊ नका.

एएस२ च्या सर्टिफिकेटची (डिजिटल सहीसाठी लागणाऱ्या) मुदत संपण्याची आठवण कॅलेंडरवर ४५ दिवस आधी लावा. नवं सर्टिफिकेट दोन्हीकडे एकाच ठरलेल्या वेळी बदलावं लागतं. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, म्हणून ईमेलमध्ये वेळ लिहिताना पुढे ‘आयएसटी’ लिहा.