बांगडो टोपलीत होतो : मालगुंडच्या वाचन परिषदेहून

रत्नागिरी स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. उतरल्यावर आधी रिक्षाने एसटी स्टँड गाठायचा आणि तिथून गणपतीपुळ्याची गाडी धरायची. गाडी आरे-वारेवरून जाणार की निवळीवरून, हे नुसत्या पाटीवर विसंबून ठरवू नका, कंडक्टरला विचारूनच चढा. आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा आहे. निवळीकडून चांगलाच वळसा पडतो, आणि समुद्र दिसत नाही तो वेगळाच. मी किनाऱ्याने गेलो. आंबे मोहरले होते, पण सकाळी धुकं होतं. पुढच्या सीटवरचे दोन बागायतदार तुडतुडे आणि फवारणीबद्दलच बोलत होते. गणपतीपुळ्याच्या पुढे थोडं गेलं की मालगुंड. वाचन आणि साक्षरता या विषयावरची परिषद तिथल्या एका सभागृहात होती.

उद्घाटनाबद्दल फार लिहीत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि ‘वेळेअभावी थोडक्यात’ म्हणत केलेली लांबलचक भाषणं. चहानंतर मुख्य मंडपातली माणसं पांगली आणि बाजूच्या वर्गखोलीत फळा-खडू घेऊन एक प्राथमिक शिक्षिका उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे परिषद सुरू झाली असं म्हणता येईल.

विषय होता पहिलीच्या मुलाला अक्षरओळख कोणत्या क्रमाने करून द्यायची. आपली रूढ पद्धत म्हणजे आधी सगळी मुळाक्षरं आणि मग बाराखडी. बाईंनी फळ्यावर गुणाकार मांडला : ३४ व्यंजनं, प्रत्येकाची १२ रूपं, म्हणजे ४०८ आकार. हे सगळं पाठ होईपर्यंत मुलाच्या वाट्याला वाचण्याजोगं एकही वाक्य येत नाही. निम्मं वर्ष असंच जातं आणि वाचणं म्हणजे घोकणं अशी त्याची समजूत होऊन बसते. त्याऐवजी त्यांनी म, क, ल, न ही चार अक्षरं घेतली आणि लगेच जोडीला काना. एवढ्यावर समोरच्या शिक्षकांना शब्द करायला सांगितले. मका, काका, मामा, नाक, कान, काम, लाल, मान, कमल, कमान, मला, नाना असे शब्द भराभर आले. मग ‘काकाला मका, मामाला काम’ अशी अख्खी ओळ तयार झाली. अशी ओळ मूल पहिल्या काही आठवड्यांत स्वतः वाचू शकतं.

गट करताना चुका कुठे होतात, हेही त्यांनी सांगितलं. पहिली चूक म्हणजे वर्णमालेच्या क्रमानेच गट पाडणं. क, ख, ग, घ यांच्यातून मुलाच्या कामाचे शब्द फारसे निघत नाहीत. दुसरी, दिसायला सारखी अक्षरं एकाच गटात घालणं. भ-म, घ-ध, ब-व, प-ष यांपैकी एक नीट बसल्याशिवाय दुसरं आणू नये. तिसरी चूक वेलांटीची. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. त्यामुळे ओळीखाली बोट ठेवून वाचणारं मूल ‘कि’पाशी अडतं आणि ‘इ-क’ म्हणतं. अशा वेळी ‘पुन्हा बघ’ म्हणून काही होत नाही, कारण ते डावीकडून उजवीकडे अगदी बरोबर बघत असतं. आधी दुसरी वेलांटी शिकवावी, की, मी, ली, नी अशी अक्षरं पक्की करावीत आणि मग पहिलीकडे यावं. रफाराचीही तीच गत : ‘सूर्य’मधला र डोळ्याला शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो आणि तोंडातून त्या अक्षराच्या आधी निघतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्याही सहसा लक्षात येत नाही. मूल ‘क, म, ल’ असं सुटं वाचतं तेव्हा तिन्ही अक्षरांतला अ पूर्ण उच्चारतं, पण शब्द म्हणताना शेवटचा अ गळतो. मुलाने सुटी अक्षरं म्हणून दाखवली आणि तरी त्याला शब्द ‘दिसला’ नाही, तर त्याचं कारण इथे असतं. उपाय सोपा आहे. अक्षरं सुटी म्हणून झाली की शिक्षकाने शब्दाखालून बोट न थांबवता फिरवायचं आणि मुलाला एका दमात म्हणायला लावायचं. कान ओळखतो. म्हणून सुरुवातीचे शब्द घरात रोज कानावर पडणारेच हवेत.

घरात कानावर पडणारे म्हणजे कोणाच्या घरात? दुपारचं सत्र याच प्रश्नावर होतं आणि ते सगळ्यात तापलं.

मालवण तालुक्यातल्या एका गुरुजींनी तिसरीतल्या एका मुलाच्या वाचनाची नोंद पडद्यावर दाखवली. पुस्तकातलं वाक्य होतं, ‘बांगडा टोपलीत होता.’ मुलाने वाचलं, ‘बांगडो टोपलीत होतो.’ तीन शब्द, त्यातले दोन चूक. गुरुजींनी सभागृहाला विचारलं, या मुलाला वाचता येतं की नाही? मागच्या बाकांवरून लगेच ‘नाही’ आलं. मग त्यांनी उलगडून दाखवलं. मुलाने अक्षरं ओळखली, शब्द जुळवले, अर्थ लावला आणि तो अर्थ आपल्या घरच्या मालवणीत सांगितला. ज्याला वाचता येत नाही, तो ‘बांगडा’च्या जागी ‘बांधा’ म्हणेल किंवा गप्प बसेल. ‘बांगडो’ म्हणणार नाही.

ही नोंद घ्यायची पद्धत कोणत्याही शाळेत चालेल अशी आहे. मुलाने न पाहिलेला पन्नास-साठ शब्दांचा उतारा घ्यायचा, त्याची एक प्रत आपल्या हातात ठेवायची. बरोबर शब्दावर टिंब. चुकला तर मुलाने जे म्हटलं ते जसंच्या तसं शब्दाच्या डोक्यावर लिहायचं. गाळला तर आडवी रेघ, स्वतःहून सुधारला तर ‘सु’. मध्ये टोकायचं नाही. वाचून झालं की दोन प्रश्न विचारायचे, त्यातल्या एकाचं उत्तर उताऱ्यात थेट लिहिलेलं नसावं. नंतर चुकांचे तीन ढीग करायचे : अक्षराची चूक, अर्थाची चूक, बोलीचा बदल. पहिल्या ढिगाला सराव लागतो, दुसऱ्याला गप्पा. तिसऱ्याला चूक म्हणून मोजायचंच नाही. मोजदादीच्या वहीत मात्र हे तिन्ही ढीग एकाच रकान्यात जातात, अशी गुरुजींची तक्रार होती, आणि मला ती रास्त वाटते.

यावर एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी बाजू मांडली की चाचणीला काही तरी एकच माप लागतंच. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणातली चाचणी बघा. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या चार सोप्या वाक्यांच्या परिच्छेदाने होते. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की मूल शब्दाच्या पातळीला. परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात, पण वाचन वाक्यासारखं व्हायला हवं, सुट्या शब्दांची माळ नको. गावातला बारावी झालेला मुलगाही दारोदार जाऊन ही चाचणी घेऊ शकतो, आणि हेच तिचं बळ. ते खरं आहे. फक्त बोलीचे बदल जर त्या तीन चुकांत धरले गेले, तर मालवणी बोलणाऱ्या मुलाची सवलत पहिल्या दोन वाक्यांतच संपते.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाचा वेगाचा निकषही चर्चेत आला. २०२१च्या जुलैत सुरू झालेल्या या अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. इथे मराठीची घडण आड येते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘होडीवरच्या माणसांनीसुद्धा’ हे मोजायला दोन शब्द, पण वाचणाऱ्या मुलाच्या जिभेला तेवढ्यात अकरा अक्षरं वळवायची असतात. इंग्रजीत हाच मजकूर पाच-सहा छोट्या शब्दांत सांडतो. त्यामुळे एका भाषेतला आकडा दुसऱ्या भाषेशेजारी ठेवून मुलं मागे पडल्याचा निष्कर्ष काढू नये. घड्याळ लावायचंच तर एकाच मुलाला एकच उतारा आठवडाभराने पुन्हा वाचायला द्यावा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करावी.

जेवणात कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी होती. संध्याकाळी बरेच जण केशवसुत स्मारकाकडे चालत गेले. केशवसुत १८६६ साली याच गावात जन्मले. ते घर जपलेलं आहे आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने शेजारी स्मारक उभं केलं आहे. कवी म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण पोटासाठी ते शाळामास्तर होते हे परिषदेला आलेल्या शिक्षकांपैकीही कित्येकांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांचं सत्र होतं. प्रेरणा, संस्कार वगैरे होईल अशी भीती होती, पण एका लेखिकेने थेट कागदाचीच घडी उलगडली. चित्रपुस्तक बहुतेक वेळा मध्ये पिन मारून शिवलेलं असतं. म्हणजे पानं चारच्या पटीत : १२, १६, २४. सोळा पानांतून शीर्षकाचं आणि मुद्रण-तपशिलांचं पान वजा केलं की गोष्टीला तेरा-चौदा उरतात. नवे लेखक तीन पानी कथा लिहितात आणि ती चित्रकाराकडे सोपवतात. मग एका पानावर सात ओळी आणि दुसऱ्यावर एक. त्यापेक्षा लिहायला बसण्याआधी कागदाची वही दुमडावी आणि पान उलटताना काय लपलेलं असेल ते आधी ठरवावं.

ओळ कुठे तोडायची यावर त्या बराच वेळ बोलल्या. ‘रापण ओढायला सगळा गाव किनाऱ्यावर आला’ हे वाक्य ‘रापण ओढायला / सगळा गाव / किनाऱ्यावर आला’ असं तुटलं तर नवशिक्या वाचकाला अर्थाचे घास मिळतात. मांडणी करणाऱ्याने जागा बघून ‘रापण ओढायला सगळा / गाव किनाऱ्यावर’ असं तोडलं, की मूल तिथेच ठेचकाळतं. अक्षरं मोठी आणि साधी हवीत. गडद चित्रावर मजकूर छापू नये. जोडाक्षरं वगळण्याचा हट्टही त्यांना मान्य नव्हता. ‘गोष्ट’, ‘आज्जी’, ‘म्हैस’ हे शब्द मुलाच्या कानात पक्के असतात, त्यामुळे ते वाचले जातात. ‘तदनंतर’मध्ये एकही काना-वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, तरी तो अडतोच.

मोफत साहित्य शोधणाऱ्यांसाठी दोन पत्ते तिथे पुन्हा पुन्हा सांगितले गेले. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या खुल्या परवान्याच्या असल्याने छापता येतात आणि आपल्या बोलीत आणताही येतात. आणि बालभारतीचं १९७१पासून निघणारं ‘किशोर’ मासिक, ज्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात.

पण पुस्तकं नसणं ही अर्धीच अडचण आहे. पुष्कळ शाळांत ती असतात आणि कपाटात असतात. एका मुख्याध्यापकांनी याचं कारण स्पष्ट सांगितलं : पुस्तक जडवस्तू नोंदवहीत चढलेलं असतं, फाटलं किंवा हरवलं तर बदलीच्या वेळी कार्यभार देताना हिशेब द्यावा लागतो. म्हणून कुलूप. त्यांच्या शाळेने काढलेली वाट अशी : दरवर्षी फाटक्या पुस्तकांची यादी करून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायची, ठराव घ्यायचा आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव त्याच वर्षी पाठवायचा. दहा वर्षांची यादी साचू दिली की कोणीच सही करत नाही.

दोरीवर पुस्तकं टांगायची पद्धत कोकणात जूनपासून फसते, कारण सुती दोरी ओलावा धरते आणि पुस्तकाच्या घडीवर बुरशीची रेघ उमटते. जाळ्याची नायलॉन दोरी वापरावी, भिंतीपासून वीतभर पुढे. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये, मागे हात जाईल एवढी फट हवी. पावसाला खंड पडला की दारं उघडावीत. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, बुरशी नाही. शिवाय मुलं बसतात त्या खोलीत त्या नकोतच. बुरशी ओल्या फडक्याने पुसली की पसरते. पुस्तक आधी वाळवायचं आणि मग अंगणात, तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झाडायचं.

परतताना चिपळूणला उतरलो, ते तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाहायला. १८६४ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाने २००५चा पूर सोसला आणि २२ जुलै २०२१चाही. वाशिष्ठीच्या पाण्याबद्दल चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. पण नदीकाठच्या कोणत्याही वाचनालयाने काही गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्यात. भिजलेल्या पुस्तकांना साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. चिखलाचं पुस्तक मिटलेलंच स्वच्छ पाण्यात धुवावं, उघडून नाही. नंतर पानं किंचित पसरून उभं ठेवावं आणि पंखा लावावा. कडक उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो. गुळगुळीत कागदाची पुस्तकं सगळ्यात आधी हाताळायची, कारण ती मिटलेली वाळली की पानं कायमची चिकटतात. संख्या आवाक्याबाहेर गेली, तर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून गोठवावीत, म्हणजे वेळ मिळतो. किनाऱ्यावर मासळीची शीतगृहं असतात. त्यांच्या मालकांशी हे बोलणं पावसाळ्याआधी झालेलं बरं.

गुळगुळीत कागदाची पुस्तकं म्हणजे मुलांची चित्रपुस्तकं, आणि मुलांचा हात पोचावा म्हणून ती सर्वात खालच्या फळीवर असतात. म्हणजे पाणी आधी त्यांच्यापाशीच पोचतं. वर ठेवावीत तर मुलं घेणार नाहीत. त्यामुळे जून ते सप्टेंबर खालच्या फळीवर पुस्तकं सुटी न लावता दोन्ही बाजूंनी धरता येतील अशा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उभी लावावीत. एका क्रेटमध्ये चाळीसच्या आसपास, म्हणजे दोघांना ते जिन्याने वर नेता येतं. क्रेटवर खडूने क्रमांक घालू नये, ऑइलपेंटने घालावा.