कचरा डेपो, सात जागा आणि पाण्याचं वेटेज

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या नगरपरिषदेने कचरा डेपोसाठी नवी जागा सुचवायला एक समिती नेमली आणि त्यात माझं नाव घातलं. मी कॉलेजात भूगोल शिकवते, संगणकावर, जीआयएस प्रणालीत, नकाशे करते, आणि मुख्य म्हणजे मानधन मागणार नव्हते. जुना डेपो गावापासून दोन किलोमीटरवर, ओढ्याच्या अगदी काठाला. उन्हाळ्यात तो पेटतो, पावसाळ्यात वाहून जातो आणि उरलेले चार महिने सगळे नाकाला रुमाल लावून त्याच्याकडे काणाडोळा करतात.

पहिल्याच बैठकीत मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, जागा कुठलीही ठरो, ती का ठरली हे कागदावर दाखवता आलं पाहिजे." मी एमसीडीए सुचवलं. अहवालात त्याला 'बहुनिकष निर्णय विश्लेषण' असं लिहिलं, बैठकीत मात्र सगळे शेवटपर्यंत 'मॅडमचं मार्कशीट' म्हणत राहिले. कल्पना साधी आहे. पाणी, पैसा, वास, लोक या गोष्टी एकाच मापात बसत नाहीत. सगळ्यांचे रुपये करून बेरीज मारण्यापेक्षा प्रत्येक निकषावर वेगळे गुण द्यायचे, निकषांना वेटेज, म्हणजे महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं आणि मग एकत्र बघायचं.

यादीत सात जागा होत्या. आधी नियमांची चाळणी लावली. तेव्हाच्या, २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे कचरा भरावाची जागा नदीपासून १०० मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर लांब लागायची. विमानतळापासून २० किलोमीटरचीही अट होती, ती आमच्या तालुक्याला कधी नडेल असं वाटत नव्हतं. नकाशावर वर्तुळं काढली तशा चार जागा गळाल्या. त्यातली एक बऱ्याच जणांची लाडकी होती, त्यामुळे पुढच्या बैठकीचा चहा जरा थंडच आला.

उरल्या तीन. चार किलोमीटरवरची खडीची बंद खाण, सरकारी जागा. दहा किलोमीटरवरचं गायरान. आणि बारा किलोमीटरवरचा एक खासगी पडीक माळ.

निकष पाच धरले: भूजल, वस्तीपासूनचं अंतर, वाहतुकीचा खर्च, जमिनीची किंमत आणि लोकांची हरकत. वेटेज काढायला मी एएचपी वापरलं. १९७० च्या दशकात थॉमस साटी या गणितज्ञांनी बसवलेली ही पद्धत. दोन-दोन निकष समोर ठेवायचे आणि विचारायचं, यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं, आणि १ ते ९ मध्ये कितीपट? पाच निकषांच्या दहा जोड्या होतात. उत्तरं एकमेकांशी जुळतात का, तेही तपासता येतं. विसंगतीचं गुणोत्तर ०.१० च्या आत असलं तर ठीक, वर गेलं तर परत विचारायचं.

सरावासाठी मी तीनच निकष घेऊन टिपरच्या ड्रायव्हरांपाशी बसले. समितीत ते नव्हते, मीच बोलावलं होतं, कारण रोज डेपोवर जाणारा खोलीत दुसरा कोणी नव्हता. ते म्हणाले, पाणी वस्तीच्या तिप्पट महत्त्वाचं. वस्ती वाहतुकीच्या तिप्पट. मग पाणी वाहतुकीच्या किती? हिशोबाने नऊपट यायला हवं. ते शांतपणे म्हणाले, "सारखंच." मशीनने विसंगती ०.४८ दाखवली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, "मॅडम, पहिल्या दोन वेळेला मी घरचा माणूस म्हणून बोललो. तिसऱ्या वेळेला तुम्ही डिझेल म्हणालात, मग मी गाडीवरचा माणूस झालो." त्यानंतर मी प्रत्येकाला आधीच विचारू लागले, तुम्ही आत्ता कोण म्हणून उत्तर देताय? नगरसेवकांना हा प्रश्न आवडला नाही. स्वच्छता निरीक्षकांनी मात्र चक्क दोन फॉर्म भरले, एक नोकरीचा आणि एक स्वतःचा.

जागांचे गुण मी शंभरपैकी, ठरावीक पट्टीवर दिले. जागांचीही आपसांत जोड्याजोड्यांनी तुलना केली असती, तर आयत्या वेळी कुणी चौथी जागा आणली की आधीच्या तिघींचा क्रम उलटू शकतो. बेल्टन आणि गिअर या संशोधकांनी १९८३ मध्ये ते दाखवून दिलंय. आणि आयत्या वेळी चौथी जागा येणार, याची मला पूर्ण खात्री होती. (आलीच. ती २०० मीटरच्या चाळणीत गळाली.)

खाणीला भूजलाचे मी ५५ गुण दिले होते. नकाशावर तिथे घट्ट काळा पाषाण दिसतो, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं पाणी खाली जायला वेळ लागेल असं धरून. खाणीखालच्या गावातल्या बचत गटाच्या एक ताई बैठकीला आल्या होत्या. तक्ता त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "खाणीत पाणी साचलं की चौथ्या-पाचव्या दिवशी आमची विहीर वर येती."

समितीतले निवृत्त भूवैज्ञानिक काका खुर्चीत सरळ झाले. काळा पाषाण स्वतः पाणी पीत नाही, पण पाणी त्याच्या सांध्यांतून आणि तड्यांतून पळतं, आणि खाणीत वर्षानुवर्षं सुरुंग लावून ते तडे आपणच मोठे केलेले असतात. विहीर ६०० मीटरवर, म्हणजे नियमात बसणारी. आम्ही खाणीचे गुण ५५ वरून २० केले. माझ्या एमएच्या नकाशाशास्त्राला एवढा सरळ टोला त्याआधी बसला नव्हता.

आता बेरीज. पहिल्या फेरीत वेटेज असं निघालं होतं: भूजल ०.३५, वस्ती ०.२०, वाहतूक ०.२०, जमीन ०.१५, हरकत ०.१०. गायरान ५०.५, पडीक माळ ५५.५ आणि खाण ६०.५. पाण्यात शंभरपैकी वीस पडूनही खाण पहिली! जवळ आहे, सरकारी आहे, आसपास घरं नाहीत. या तीन गोष्टींनी चौथीचं पाप पोटात घातलं.

काका हसले. "मॅडम, पत्रिकेत ३६ पैकी २८ गुण जुळले तरी एकनाड आली की लोक स्थळ सोडतात. का? कारण एकनाडीचे आठ गुण बाकीच्या गुणांनी भरून निघतील असं ते मानत नाहीत." माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही. पण बेरजेच्या पद्धतीतली खोट मी वर्गात वीस मिनिटं समजावते, ती त्यांनी एका वाक्यात सांगितली.

मग पाण्याला सरळ नकाराधिकार का दिला नाही? तसं सुचवलं गेलं. पण किती गुणांखाली नकार? वीस? तीस? आकडा डोळ्यांसमोर ठेवून रेघ मारायची म्हणजे निकाल आधी ठरवून पेपर काढण्यासारखं झालं असतं. रेघ मारायची तर ती गुण देण्याआधी, आणि ते माझ्याकडून राहून गेलं होतं.

दोन गोष्टी मात्र आम्ही दुरुस्त केल्या. एक, 'लोकांची हरकत' हा निकष काढला. वस्ती जवळ म्हणून हरकत जास्त, म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा गुण. शिवाय हरकत हा काही जमिनीचा गुणधर्म नाही. ज्याच्याकडे माणसं गोळा करायची ताकद, त्याची हरकत मोठी. गायरानावर गुरं चारणाऱ्यांचा त्या तक्त्यात आवाजच नव्हता.

दोन, वेटेजचा प्रश्न बदलला. "पाणी महत्त्वाचं की डिझेल?" या प्रश्नाला कोणीही पाणीच म्हणेल, त्यातून काही कळत नाही. विचारायचं असं: तिन्ही जागांतला सगळ्यात वाईट पर्याय आणि सगळ्यात चांगला पर्याय यांत जो फरक आहे, तो तुम्हाला किती मोठा वाटतो? फळ्यावर हिशोब मांडला. खाणीपेक्षा माळ आठ किलोमीटर लांब, जाऊन-येऊन सोळा. दिवसाला आठ खेपा, १२८ किलोमीटर. टिपर लिटरला चार देतो, म्हणजे रोज ३२ लिटर. डिझेल तेव्हा सत्तरच्या आसपास. वर्षाला जवळपास सव्वाआठ लाख रुपये. दुसऱ्या बाजूला एका गावाची पिण्याची विहीर, जी एकदा काळी झाली की परत स्वच्छ करायचा मार्ग खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हता.

नवं वेटेज: भूजल ०.५०, वस्ती ०.२०, वाहतूक ०.२०, जमीन ०.१०. माळ ६१, गायरान ५७, खाण ५३. पहिली होती ती शेवटची झाली. एक सदस्य तावातावाने म्हणाले, "म्हणजे पाहिजे तसा निकाल काढता येतो!" खरंच आहे ते. म्हणून त्याच रात्री मी उलटं गणित केलं. बाकी तीन निकषांचं आपसांतलं प्रमाण तसंच ठेवून पाण्याचं वेटेज किती खाली आणलं, तर खाण पुन्हा पहिली येते? उत्तर आलं ०.४२.

पहिल्यांदाच हायसं वाटलं. तीन महिन्यांचं भांडण कशावर चाललंय ते आता एका आकड्यात दिसत होतं. पश्चिम घाटाच्या दोन अहवालांची आठवण झाली. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये अख्ख्या घाटाचे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून चौकोनागणिक गुण दिले. पुढे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने निकष बदलले, नैसर्गिक भूप्रदेश वेगळा काढला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरला. डोंगर तेच, निकष वेगळे. गावोगावी मात्र पोचली ती फक्त यादी, 'आपलं गाव आत की बाहेर'. गुण कसे दिले ते कुणी विचारलं नाही आणि कुणी समजावलंही नाही. आमच्या तालुक्यात तरी तसं होऊ नये, एवढीच माझी धडपड.

मुख्याधिकाऱ्यांना ०.४२ सांगितलं तर म्हणाले, "हे सभेत कोण वाचणार? एका ओळीत लिहा." लिहिलं: 'किंमत, वाहतूक आणि वस्ती यांना मिळून जेवढं वजन देता, त्याच्या पाऊणपटीपेक्षा पाण्याला कमी मोजत असाल, तर खाण घ्या.'

सर्वसाधारण सभेत ती ओळ मोठ्याने वाचली गेली. खाणीच्या बाजूने आधी बोलणारे पाच-सहा जण होते. ताई गॅलरीत गावातल्या बायकांना घेऊन बसल्या होत्या. पाण्याला पाऊणपटीपेक्षा कमी मोजतो, असं उभं राहून सांगायला कोणी तयार झालं नाही. खाण बाद झाली. माळाचा ठराव मंजूर.

मालकाने ठरावाची बातमी पेपरात वाचली आणि भाव वाढवला. मोजणी झाली, वाटाघाटीच्या बैठका झाल्या, मग टाळेबंदी, मग प्रशासक. फाइल आहे, हललेली नाही.

मागच्या वर्षी बाजारात तेच ड्रायव्हर भेटले. "मॅडम, एक विचारू? जुन्या डेपोला तुम्ही किती मार्क दिले होते?"

दिलेच नव्हते. तो ओढ्याकाठी, नियमात बसत नाही, म्हणून चाळणीच्याही आधी मी तो यादीतून काढला होता. रात्री जुनी एक्सेल फाइल उघडून शेवटी एक ओळ वाढवली. भूजल ०, वस्ती १०, वाहतूक १००, जमीन १००. बेरीज ३२. सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीतून घंटागाडी गेली, ती तिकडेच.