‘पास’ झालेली हार्ड डिस्क बदलून घेताना

हार्ड डिस्क खराब होतेय हे मला लवकर कळलं होतं. ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पटवून देताना मात्र जीव मेटाकुटीला आला. डिस्क बदलून मिळाली तरी राग गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. वॉरंटीतली डिस्क घेऊन निघालेल्या कोणाला तरी उपयोग होईल.

माझं अमळनेरला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं. या धंद्यात जुन्या फाईलींना फार किंमत असते. मोठ्याची पत्रिका आपण केली असेल तर धाकट्याच्या लग्नालाही तेच घर आपल्याकडे येतं, आणि ‘कानबाई माता प्रसन्न’पासून भाऊबंदांच्या यादीपर्यंत सगळा मजकूर जुन्या फाईलीतून उचलायचा असतो. ऐन लग्नसराईत नेमक्या त्याच फाईली अडायला लागल्या. नवीन फाईल झटकन उघडायची, पण काही ठरावीक जुन्या फाईली उघडताना सगळं कॉम्प्युटर थिजायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत पाहिलं तर ‘डिस्क’च्या नावाने ७ नंबरची एरर पुन्हा पुन्हा पडलेली. ही एरर बॅड ब्लॉकची, म्हणजे डिस्कवरचा एखादा तुकडा खराब असल्याची.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, छोटं आहे. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं. खालच्या लांब यादीतल्या मोजक्याच ओळी कामाच्या असतात. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. सी७ बहुतेक वेळा केबलची गडबड दाखवते. माझ्याकडे सी७ शून्य होती, तरी शंका नको म्हणून केबल बदलली. फरक पडला नाही. ०५ मध्ये ८ आणि सी५ मध्ये ४८ होते. हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात, सेटिंगमधून दशमानात करून घ्या, नाहीतर ३० बघून तीसच समजाल.

डेटा त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवला. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) वगैरे काही चालवायच्या आधी हे करा. दुखणाऱ्या डिस्कला आधी दुरुस्तीला जुंपलं तर उरलेलंही जाऊ शकतं. बिल होतं, कंपनीच्या वेबसाइटवर सिरीयल नंबर टाकला तर वॉरंटी चालू दाखवत होती. इथपर्यंत सगळं सुरळीत.

पुढे जळगावचं सर्व्हिस सेंटर. भर मे महिन्यात पॅसेंजरने तिथे गेलो. काउंटरवरच्या मुलाने डिस्क जोडली, एक प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ‘पास’. म्हणाला, “हाई ते चाली राह्यनी ना दादा, मंग काय बिघडनं?”

इथेच बहुतेक लोक परत फिरत असतील, म्हणून या ‘पास’चा अर्थ नीट सांगतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात; वरच्या ०५, सी५ या तिच्याच ओळी. स्मार्टच्या प्रत्येक ओळीला कंपनीने एक मर्यादा ठरवलेली असते. मोजलेल्या आकड्याशिवाय प्रत्येक ओळीला एक गुणही असतो, बिघाड वाढला की तो उतरतो. हा गुण घसरत घसरत मर्यादेला टेकला तरच ‘फेल’ येतं. माझ्या डिस्कवर सी५ची मर्यादा ० होती, आणि हा गुण १ च्या खाली उतरतच नाही. म्हणजे न वाचता येणारे सेक्टर ४८ असोत की ४,८००, त्या ओळीमुळे डिस्क कधीच नापास होणार नव्हती. मी हे शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “उन्हामुळे होतं, आपल्याकडे ४५ डिग्री असतं.” डिस्कचं तापमान तेव्हा ४९ होतं, आणि डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्कला कंपनीच ६० अंशांपर्यंत मुभा देते. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही तापमानाचा संबंध लोक समजतात तेवढा निघाला नव्हता. उलट स्कॅनमध्ये पहिली एरर आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती. खानदेशातल्या उन्हाचं निमित्त काढून वॉरंटी नाकारणं मला मुळीच मान्य नव्हतं.

शेवटी “ठेवून जा, बघतो” असं ठरलं. परत गेलो तर तो खुशीत. “झाली रिपेअर! सी५ शून्य!” मला न विचारता त्यांनी डिस्क पूर्ण फॉरमॅट केली होती.

ही रिपेअर नव्हे. अडलेल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क ठरवते, जमलं तर तोच सेक्टर चालू ठेवायचा, नाही जमलं तर राखीव जागेत हलवायचा. दोन्हीकडून सी५चा आकडा उतरतो. रोग तसाच राहतो, पुरावा पुसला जातो. डेटा मी आधीच काढला होता म्हणून निभावलं. एखाद्याची सगळी कमाई त्यात असती तर? या प्रश्नाला तिथे कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि विचारल्याचं वाईट मात्र सगळ्यांना वाटलं.

माझ्या मोबाईलमध्ये आधीचा फोटो होता, सिरीयल नंबरसकट. ०५ आठवरून ४१ वर गेलेली मी बोट ठेवून दाखवली. तेव्हा त्यांचे साहेब बाहेर आले आणि म्हणाले, कंपनीच्याच टूलचा एरर कोड लागेल, त्याशिवाय क्लेम वर जात नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! हीच एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे जायच्या आधी कंपनीचं टूल उतरवून त्याची लाँग टेस्ट घरी करा. शॉर्ट टेस्ट दोनेक मिनिटांची असते, डिस्कचा अगदी थोडा भाग वाचते आणि सहज पास होते. लाँग टेस्ट सगळी डिस्क वाचते. १ टीबीला दोन-तीन तास धरा.

डिस्क घरी आणून परत जोडली, जुन्या फाईली भरून वापरात ठेवली. काही दिवसांत सी५ पुन्हा वर आली. येणारच होती. लाँग टेस्ट इन्व्हर्टरवर लावली, कारण आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि मध्ये वीज गेली की टेस्ट वाया. यूएसबीच्या डबीत घालूनही लावू नका, डबी मध्येच झोपते आणि टेस्ट तुटते. टेस्ट वाचण्याच्या चुकीवर थांबली आणि स्क्रीनवर कोड आला. तो कोड पाहून मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

कोड, बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो असं सगळं थेट कंपनीच्या सपोर्टला मेल केलं. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, हेही लिहिलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नसते, हे माहीत असलं की लिहिताना हात कापत नाही. मंजुरी आली. त्याच काउंटरने तीच डिस्क निमूटपणे घेतली.

बदली डिस्क नवी कोरी मिळेल असं धरून चालू नका. मला कंपनीने दुरुस्त केलेली मिळाली, आणि वॉरंटी जुनीचीच उरलेली. तिच्यावर फाईली टाकण्याआधी लाँग टेस्ट केली, ती नीट पार पडली.

आणि हो, डिस्क जमा करताना पावतीवर सिरीयल नंबर आणि तक्रार ‘बॅड सेक्टर’ अशी लिहून घ्या. ‘चेकिंगसाठी’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. शिवाय ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य त्यांच्याच पेनने त्यावर लिहायला लावा.